चोवीस अंडी आणि एक आंघोळ

३ जानेवारी २००४, शनिवार. सैक कॅम्प, जबल अख्दर (आखातातला डोंगर, दोन हजार मीटरवर). सकाळी ७.
उणे दोन. नळातून पाणी नाही, नुसता उसासा.
नव्या वर्षाचा संकल्प, दोन दिवस उशिरा पण ठाम: माझ्या सांभाळातल्या कोंबड्या वाचवायच्या.
काल साइट मॅनेजर रशीद ऑफिसात आले आणि रस्त्याच्या नकाशावर त्यांना शिखरिणी कोंबडीची शीट दिसली. नेमकी आठव्या वळणावर. म्हणाले, सास्त्री, ही सहा तोंडं दाणे खातात, देतात काय? निझव्याहून पिकपने येणारी अंडी घाटातच निम्मी फुटतात आणि इथे अंगणात कोंबड्या असून मेसला अंडं नाही. १५ तारखेला, गुरुवारी, बारा माणसांचा नाश्ता. चोवीस अंडी, सगळी धड. नाही जमलं तर शुक्रवारी सहाही बिर्याणीत. खलास.
सहा कोंबड्या. दिवसाला चार अंडी. बारा दिवस. निम्मी फुकट गेली तरी चोवीस उरतात. कॅम्पचा सगळा पत्रव्यवहार एकहाती सांभाळणाऱ्या माणसाला हे काम डोळे मिटून होईल.

४ जानेवारी, रविवार.
पहाटे सव्वापाचला खुराड्यात. चार अंडी. चारही उभी तडकलेली, आतला बलक दगड.
कोंबड्यांचे कवच कमकुवत. कॅल्शियम कमी. त्यांना खडू कुटून घातला.

५ जानेवारी.
तीन अंडी, तिन्ही तडकलेली. खडूचा परिणाम व्हायला वेळ लागतो.
मेकॅनिक यूनुस (रत्नागिरीकडचा, तोंड बंद ठेवणे त्याला ठाऊक नाही) म्हणाला, शास्त्रीबुवा, कोंबडी अंडं घालते दहा ते दोनच्या मदी. तुमी उचलता दुसऱ्या दिवशी पाटे. रातभर बर्फात पडून अंडं गोठनार, फुगनार, फुटनार. दुपारी उचला की!
त्याला काय सांगायचे. जनरेटर गीझरसाठी पहाटे साडेपाचला तासभर चालतो. तेवढ्यातच गरम पाणी. आंघोळ झाली की संध्या, आणि मग दिवसभर मी अंड्याला शिवत नाही. आंघोळीआधी शिवतो. एवढा मी सुधारलेला आहे. दुपारी अंडे उचलले तर पुन्हा आंघोळ, तीही टाकीतल्या पाण्याने. टाकीवर पापुद्रा धरलेला असतो.
मी कर्मठ नाही. पण नियम म्हणजे नियम.
तो म्हणाला, मंग मी उचलतो. मी म्हणालो, नको. कोंबड्यांना माझी सवय आहे.
यावर तो का हसला ते कळले नाही.

६ जानेवारी.
आज दोन धड! घराण्याचा वारसा बघा: एक वसंततिलकेचे, एक मालिनीचे. कोंबड्यांना वृत्तांची नावे ठेवली ती उगाच नाही. जित्राबालाही नावाचे वळण लागते.
मेसचा व्हॅलेरियन (वसईचा, नाताळचा केक अजून पुरवतोय) म्हणाला, शास्त्री, ती दोन माझ्या फ्रिजमध्ये ठेव.
बाहेर उणे दोन आणि अंडी फ्रिजमध्ये! त्याला समजावून सांगितले की गार वस्तू आणखी गार करायची नसते. तो म्हणाला, अरे बाबा, माझा फ्रिज या डोंगरातली सगळ्यात उबदार जागा आहे, चारच्या खाली जात नाय.
शिवाय त्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात माझे दही असते. एका कपाटात दोघे नांदणार नाहीत.
अंडी ऑफिसच्या खिडकीत ठेवली. मोकळी हवा.

७ जानेवारी.
खिडकीतली दोन्ही फुटली. दही उत्तम लागले आहे.

९ जानेवारी, शुक्रवार.
जुम्मा. सुट्टी. बायकोला, विद्याला, फोन लागला. ती खाली किनाऱ्यावर, सीबमध्ये, स्वेटर न घालता बसली आहे, हे तिने दोनदा सांगितले. मी परिस्थिती मांडली. ती म्हणाली, तुम्ही तिथे रस्ता बांधायला गेला आहात की अंडी उबवायला? मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणाली, कुठल्या तत्त्वाचा? फोनचे कार्ड संपले. बरे झाले.
जमा: पाच धड. ती हीटरसमोर ठेवली होती. त्यातली दोन घामेजली आणि तिसऱ्याला वास आहे असे व्हॅलेरियनचे मत. मला अंड्याचा वास मुळातच ओळखता येत नाही, त्यामुळे मत राखून ठेवतो.

१० जानेवारी.
तडकलेली अंडी टाकवत नाहीत. स्टोअरमधून काळी इन्सुलेशन टेप आणली. एकेका अंड्याला दोन आडवे, दोन उभे वेढे. घट्ट. क्रिकेटच्या चेंडूसारखी दिसतात.
टेपसह एकूण अकरा. रशीदनी 'धड' म्हटले होते, 'उघडी' म्हटले नव्हते.

११ जानेवारी.
वेल्डरचे चामडी हातमोजे घातले. हातमोजा म्हणजे मी नव्हे, म्हणजे स्पर्श नाही, म्हणजे आंघोळ नाही! दुपारी एक वाजता विजयी मुद्रेने आत गेलो. अंडे हाताला लागले कधी आणि चिरडले कधी, कळलेच नाही. तीन गेली. इंद्रवज्रा घरट्यातून उठून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे पाठ केली.

१२ जानेवारी.
उणे तीन. दोन अंडी, दोन्ही दगड. तीन दिवस उरले. रशीद जाता जाता म्हणाले, बासमती आणलाय. इन्शाल्ला, गुरुवारी बघू.
दिवसभर एक पत्र लिहून झाले नाही.

१३ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३.
शास्त्रात आपद्धर्म आहे.
दोन वाजता उघड्या हातांनी आत गेलो. चार अंडी, चारही धड. ऊन ऊन. मालिनीचे तर तिच्या पोटाखालून काढले, तेव्हा तिने चोच मारली नाही, नुसती बाजूला सरकली. ते हातात धरून मी जरा वेळ उभा राहिलो. बोटांना पहिल्यांदाच जाग आली. अंडे एवढे ऊन असते हे चाळिशी उलटून गेली तरी मला माहीत नव्हते.
मग टाकीतल्या पाण्याने आंघोळ. दुसऱ्या तांब्याला मंत्र विसरलो. चौथ्याला स्वतःचे नाव.
आता उद्याही हेच. वाट सापडली.

१४ जानेवारी. सकाळी, अंथरुणातून.
ताप १०२. दात वाजतात म्हणून अक्षर असे.
संक्रांत आहे. यूनुस तिळाची वडी घेऊन आला, व्हॅलेरियनने गुळाचा चहा पाठवला. यूनुस म्हणाला, आज तरी मी उचलू काय? कालची चार बगितली, मस्त हायेत. मी म्हणालो, मी संध्याकाळपर्यंत उठतो.
दुपारी दोन: उठलो नाही.
चार: उठलो. दारापर्यंत.
सहा: उणे एक.

१५ जानेवारी, गुरुवार.
सकाळी सात. मेसमध्ये बारा माणसे रांगेने बसली. मी ट्रे नेला. आठ धड, सोळा टेपवाली. एकूण चोवीस. हे कोणी नाकारू शकणार नाही.
व्हॅलेरियनने पहिली टेप सोडवली. कवच टेपबरोबर आले. अंडे टेबलावर ठण् करून पडले आणि घरंगळत रशीदच्या बशीशी जाऊन थांबले. दुसरे फुटले, पण त्यातून जे आले त्यावर पंजाबी वेल्डर उठून बाहेर गेला.
मी म्हणालो, साहेब, बाकीची आठ बघा. रशीदनी आठही पाहिली. हातात घेऊन, हलवून, कानाशी लावून. मग मला विचारले, ही कधीची? मी म्हणालो, चार परवाची. दुपारची. आणि बाकीची चार? मी टेपचे तुकडे गोळा करू लागलो. ते म्हणाले, म्हणजे कोंबड्यांत काही खोट नाही.
मी म्हणालो, नाही साहेब, मुळीच नाही.
हे मी फार जोरात म्हणालो. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
रशीदनी चहा ढवळला. मग म्हणाले, बिर्याणी नको. कोंबड्या राहतील. यूनुस बघेल त्यांच्याकडे. सास्त्री खुराड्यात जाणार नाही. यल्ला, चला, पाव आणा.
सगळ्यांनी पाव आणि जाम खाल्ला.
कोंबड्या वाचवण्याचा संकल्प सिद्धीस गेला, असे म्हणावे लागेल.

१७ जानेवारी, शनिवार.
उणे दोन. ताप उतरला.
यूनुस बाराला एक फेरी मारतो, दोनला दुसरी. काल पाच अंडी, आज चार. एकही तडा नाही. व्हॅलेरियनच्या फ्रिजात खालच्या कप्प्यात, निमुळते टोक खाली. मेसमध्ये आज ऑम्लेट होते. माझे दही वरच्या कप्प्यात होते, त्याला काही झाले नाही.
आंघोळ एकदाच, गरम पाण्याने. संध्या वेळेवर.
दुपारी दोन वाजता ऑफिसात होतो. पत्रे सगळी लिहून झाली होती. हात खिशात घालून बसलो. तरी गारच.