मुलीच्या लग्नासाठी बघितलेली जागा

रविवार, संध्याकाळ. नाशिक.

शिर्डीहून परतताना यांनी गाडी देवळाली कॅम्पकडे वळवली. इंग्रजांच्या काळातलं ते महागडं हॉटेल यांना आतून बघायचं होतं. गेटवर अडवलं, तर बेधडक म्हणाले, “मुलीच्या लग्नासाठी जागा बघायचीय.” मग काय! मॅनेजरने लाकडी जिन्यापासून लॉनपर्यंत सगळं फिरवून दाखवलं, वर कोकम सरबत.

“मुलीचं नाव काय, साहेब?”

“सायली.”

एवढं सोपं होतं? सायलीने गेल्या वर्षी कोर्ट मॅरेज केलं. हे गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायचं नाही, असा यांचा हुकूम. आज स्वतःच काढलं, फुकटच्या सरबतासाठी.

मी ते सरबत तसंच ठेवलं. माझाही ग्लास यांनीच संपवला.