निवडून पाठवलेले दगड

आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. अकोला
दि. १२ एप्रिल १९७६

माह्या लाडक्या जगदेव भावाले मोठ्या बहिणीचा जय भीम.

आमी इथं बरे आहोत. तू मुंबईत धड जेवतो का नुसत्या चहावर दिवस काढतो? मांगच्या खेपेले गालफाडं बसले होते तुहे. शेळीले दोन पिल्लं झाले. परवा जयंती, वस्तीत निळ्या पताका लागल्या. ऊन असं की पायतान तापून राह्यलं.

आपल्या वस्तीच्या विहिरीचं काम बंद आहे. घाबरू नको, सगळे जिवंत आहेत.

शुक्रवारी दुपारी तुहे दाजी अन् बाकीचे तिघं जेवाले वर आले. दाजीनं भाकरीचा पहिला घास मोडला, अन् खाली धडाड आवाज झाला. भिंतीतून अर्ध्या बैलबंडीएवढी शिळा निसटून पडली. हे पहार मारत होते, बरोब्बर तिथंच. घास हातातच राह्यला.

जानेवारीत तू कॉम्प्युटरनं छापलेला कागद आनला होता, आठवते? तू म्हनला, "बाई, हा दगड कुठंच नाही, नुसता हिशेबातला आहे." त्याचे बारीक बारीक चौकोन पाडले, काही चौकोन भोकं म्हनून रिकामे ठेवले, अन् हिशेबातच वरून भार वाढवत नेला. आधी भोकाच्या कडेले चीर पडते, मंग ती शेजारच्या भोकाकडे धावते, अन् भोकं जोडल्या गेले की दगड गेला. मी हासली होती. हातोडा न मारता दगडाच्या पोटातलं कोन सांगन बापा!

जगदेव, काल मी दोराले धरून खाली उतरली. कागद पदराले बांधला होता. तुटलेल्या शिळेजवळ धरून पाह्यला. माय वो! तशीच! चीर एका भोकातून निघून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तशीच वाकडीतिकडी. चौदा वर्सं खानीवर दगड फोडले मी, मले वाटे दगड त्याच्या मनात येईल तिथं फुटते. अन् ज्या यंत्रानं आपली विहीर सपनात बी पाह्यली नाही, त्याले भिंतीतलं ठाऊक! किती वेळ मी त्या चिरीवर हात फिरवत उभी राह्यली. वरून लोकं ओरडत होते, पन पाय हालेना.

वर आली तं दाजीसंगं खोदनारा ग्यानबा म्हनून राह्यला, "जगदेवचं यंत्र खोटं! दगड भरीव आहे म्हने, आतून बांधू नका म्हने! चार मुडदे पडले असते." सगळ्यायनं माना हालवल्या. मी खाली मान घालून घरी आली.

आता लिवते. मांगच्या वर्सी तू सांगतलं होतं, कॉलेजात तपासाले विहिरीतून जसा निघन तसा दगड खोक्यात भरजो, निवडू नको. मी निवडले. भोकाचे, चिरलेले बाजूले फेकले. काळेभोर, भरीव तेवढे ठेवले, घासून धुतले बी. भावाच्या कॉलेजात माह्या गावचा फुटका दगड कसा पाठवू? तुहे सर काय म्हनतीन, असं वाटलं. तुह्या हिशेबात भोकंच गेले नाहीत, तं त्यानं काय सांगावं?

मंग तुहं पत्र आलं का दगड पक्का आहे, बांधकामाची गरज नाही. मी वस्तीभर मिरवली. तवाच तोंड उघडाचं होतं. वाटलं, दोन-चार भोकानं काय होते. अन् रोज सकाळी माह्याच हातानं भाकर बांधून नवऱ्याले त्या भिंतीखाली धाडलं.

दाजीले आज सांगतलं. बाहेर जाऊन बसले, अजून तिथंच आहेत. जयंतीच्या सभेत सगळी वस्ती जमन, तवा उभी राहून मीच सांगनार. ऐकतीन, शिव्या देतीन, देऊ दे. विहीर आतून बांधल्याबिगर मी कोनाले खाली उतरू देनार नाही.

दुसरं खोकं येष्टीनं धाडून राह्यली. जसे निघाले तसे भरले आहेत, धुतले बी नाहीत. तुहं वर्सभराचं काम पुन्हा करा लागन. मले इतक्यात माफ करू नको. पन पहिला हिशेब काहून चुकला हे तुह्या डिग्रीच्या पुस्तकात लिवशील, तवा "दगड चुकीचे आले" असं मोघम लिवू नको, अन् यंत्रावर तं मुळीच ढकलू नको. नाव लिवजो. पूर्ण लिवजो.

भागिरथा पुंजाजी पडघान,
दगड निवडनारी