चकती बसेना

७८६
अवसरी बुद्रुक, १२ जानेवारी २०२५

ती. अब्बांना कौसरचा सलाम. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं, म्हणून लिहितेय.

अब्बा, माझ्या हातून घोळ झालाय. आमच्या कारखान्यात सिरॅमिक आणि काचेची पूड एकत्र दाबून चकत्या करतात. भट्टीत काच वितळून सगळं सांधतं आणि चकती आकसते. किती आकसणार ते धरूनच साच्याचं माप येतं. पण मी पडले शिंप्याची लेक! तुम्ही कापड बेतताना माया ठेवता, तसं मीही मापात केसभर वाढवलं. चारशे चकत्या मोठ्या निघाल्या, यंत्रात एक बसेना. घासायला गेलं तर तडकतात.

ठपका आला मोहिनीवर. माझ्याच खोलीत राहते, मढ गावची. त्या पाळीच्या वहीत तिचं नाव होतं, साहेबांनी तिला घरी धाडलं. मी खरं बोलले तर नोकरी जाणार, आणि नोकरी सुटली की आळे गावच्या मुआजशी निकाह, असं तुम्ही कबूल करून बसलाय. मला तो नको, हे तुम्हाला ठाऊक आहे. इकडे आड, तिकडे विहीर. लवकर लिहा.

तुमची कौसर

जुन्नर, १६ जानेवारी

चि. कौसरला दुआ. वि. वि. पत्र ऐकून तुझी अम्मी रडली. मी न्हाई रडलो, पण दोन बाह्या उलट्या जोडल्या.

अगं येडे, कापड उसवून पुन्हा शिवता येतं, म्हणून माया ठेवायची. भट्टीतनं निघालेलं कोण उसवणार? गेणभाऊंचा लग्नातला कोट मी आखूड बेतला व्हता. वरातीआधी जाऊन सांगितलं. लई बोलले, पण अजून माझंच गिऱ्हाईक हायेत. चूक अंगावर चढायच्या आत सांगावी. त्या पोरीला सोडव.

आळेकरांना दिलेली जबान मात्र मोडता येत न्हाई. मीबी अडकलोय, पोरी. सामान बांधून ये.

तब्येतीला जप,
महंमद हनीफ

अवसरी बुद्रुक, २१ जानेवारी

ती. अब्बांना सलाम. वि. वि. साहेबांना सांगितलं. आधी हसले, मग चिडले, मग मला काढलं. मोहिनी काल कामावर आली. मला कडकडून भेटली आणि वर दोन शिव्या दिल्या.

शुक्रवारी दुपारच्या एसटीने येते. मुआजच्या शेरवानीचं कापड अजून फाडलं नसेल, तर थांबा. याच टपालाने त्यालाही पत्र टाकलंय. हे लग्न मला नको, असं सरळ लिहिलंय. चूक अंगावर चढायच्या आत सांगितली, अब्बा.

हवं तेवढं रागवा, पण दार उघडं ठेवा.

तुमचीच
कौसर