सातवं कडवं, एक्क्याण्णव टक्के

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८
आजपासून रोज नोंद ठेवणार. पोस्टात एकोणचाळीस वर्षं आली-गेली डाक लिहिली, तशी. वाचायला कोणी नाही, म्हणजे खोटं लिहायचं कारण नाही.

काम असं. जयराम गुरुजींना नव्वदावं लागतंय. १४ डिसेंबरला, रविवारी, धसईला त्यांच्या अंगणात आम्ही चौथीची मुलं जमणार. मुलं म्हणजे सगळी सत्तरीपुढची. १९६४ साली गुरुजींनी आमच्यासाठी स्वतः एक कविता रचली होती, शाळेमागच्या ओढ्यावर. सात कडवी. वही एकच, म्हणून सात जणांना एकेक कडवं वाटून दिलं आणि पाठ करून घेतलं. पुढे ती वही वाळवीनं खाल्ली. गुरुजींना आता कविता आठवत नाही. दिवाळीत पाया पडायला गेलो तर म्हणाले, महिपत, एकदा सगळी सलग ऐकायला मिळायला हवी होती रे. मी तिथल्या तिथे शब्द दिला. गुरुजी, फिल्म करतो.

सहा कडवी मोबाइलवर घेऊन झाली. आमच्यातली लहानी वारली, पण तिच्या लेकीला, जयाला, तिचं कडवं येतं. अंगाई म्हणून येतं. कविता आहे हे तिला माहीतच नव्हतं.

सातवं कडवं माझं. शेवटचं. इन्स्पेक्टरसाहेब आले होते तेव्हा एकदाही न अडखळता म्हटलं होतं. टाळ्या अजून कानात आहेत.

प्रणयचा, म्हणजे मुलाचा, जुना कॉम्प्युटर सापगावला आमच्याकडेच आहे. चार दिवसांचं काम. पाचव्या दिवशी आराम.

१९ नोव्हेंबर, बुधवार
माझं कडवं रेकॉर्ड केलं. अडतीस वेळा घ्यावं लागलं. कोंबडा, गिरणी, पुन्हा कोंबडा. शेवटी उत्तम आलं. इथे उतरवून ठेवतो, वाळवीचा भरवसा नाही.

येतो मुलांनो, म्हणतो ओढा,
धरू नका रे वाट;
सागर होऊन येईन मागे,
ओला माझा काठ.

काय ती तिसरी ओळ! एवढासा ओढा आणि स्वप्न सागराचं. त्या काळचे गुरुजी आता होणे नाही. त्या काळची मुलंही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
एडिटिंग शिकलो. यूट्यूबवर सगळं आहे. प्रत्येक कडव्याला पडणारी फुलं टाकली. वर्गातल्या रखमीच्या कडव्यात बगळे उडवले. ज्ञानेश्वरच्या मागे इंद्रधनुष्य टाकलं, कारण मागे त्याचं खत ठेवलेलं दिसत होतं. माझ्या कडव्याला खरा समुद्र. इंटरनेटवरून घेतला, फोर-के, म्हणजे सगळ्यात स्पष्ट. एकावर एक तीन समुद्र ठेवले, म्हणजे खोली येते. वर सूर्यास्त, वर पक्षी, वर फुलं.

रेंडर म्हणजे सगळं शिजवून एक करणं. उद्या रेंडर. परवा फिल्म.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३.१०
एक्क्याण्णव टक्क्यांवर बंद पडला. पडदा निळा. त्यावर एक रडवेला चेहरा आणि खाली इंग्रजी.
४.५० पुन्हा लावलं. पुन्हा एक्क्याण्णव.
पाहिलं तर बरोबर माझ्या कडव्यावर. ‘सागर’ म्हटलं की जातो. यंत्रालाही भरून येत असावं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
प्रणयला फोन. तो ऐरोलीला असतो, ऑफिसातून बोलला. म्हणाला, बाबा, समुद्र एकच ठेवा. फोर-के कशाला, गुरुजींना मोतीबिंदू आहे. मी म्हटलं, मोतीबिंदू आहे म्हणूनच. मग म्हणाला, ड्रायव्हर अपडेट करा आणि तापमान बघा. ड्रायव्हर अपडेट केले. दोनदा केले. तापमान बघितलं, सापगावात एकोणतीस.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
ही म्हणते, अहो, त्या डब्याला उकडत असंल, वरची शाल काढा.

वत्सलेला यातलं काही कळत नाही. सीपीयूवर शाल आहे ती माझ्या निवृत्तीच्या सत्काराची. उंची लोकर, जरीचा काठ. शेजारी भाताची गिरणी आहे. झोडणी उरकली, सगळ्या गावाचं भात आता तिथे येतंय, दिवसभर कोंडा उडतो. शाल नसती तर यंत्र केव्हाच बाद झालं असतं. शिवाय नुसती एकेरी नाही, मी दुहेरी घडी घालतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आज वीज नव्हती. म्हणजे आज दोष माझ्याकडे नाही.

संकल्प: सोमवारपासून पहाटे पाचला रेंडर लावायचं. पहाटे व्होल्टेज स्थिर असतं.

१ डिसेंबर, सोमवार
सात वाजता उठलो. एक्क्याण्णव.

३ डिसेंबर, बुधवार
ज्ञानेश्वरचा फोन. शेजारी बसायचा वर्गात, आता धसईला भाजीची शेती करतो. पहिलंच वाक्य, महिपत्या, पिच्चर लागला का नाय? मी सांगितलं, अंतिम टप्प्यात आहे. तो म्हणाला, आमची गाभण म्हस पण अंतिम टप्प्यात हाय, बघू आधी कोन मोकलं होतं. रखमी त्याच्या बाजूलाच असावी, हसल्याचं ऐकू आलं.

पुढे जरा हळू बोलला. गुरुजी रोज विचारतात. काल दोनदा विचारलं, महिपत आणतोय ना? जेवण कमी झालंय त्यांचं.

फोन ठेवला आणि पुन्हा लावलं. एक्क्याण्णवपर्यंत समोर बसून राहिलो. ये-तो-मु-लां-नो. ध-रू-न-का. सा—
निळा.

हा तेविसावा.

६ डिसेंबर, शनिवार
शहापूरला एस. टी. स्टँडमागे कुणालीबाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. रिक्षानं गेलो. सीपीयू शालीत गुंडाळून मांडीवर घेतला. शेजारची बाई म्हणाली, नातू का? मी हो म्हटलं. एवढं सांगत कोण बसणार.

कुणालीबाईंनी झाकण उघडलं. बघत राहिल्या. मग टेबलावर उलटा केला. कोंडा पडला, तूस पडलं, अख्खे दाणेही पडले. म्हणाल्या, काका, ह्याच्यात पेरनी केलीव का? पंखा साफ केला. मग शालीकडे बोट दाखवून विचारलं, हे घरी पण असंच झाकून ठेवता? मी म्हटलं, फक्त प्रवासात. परक्या माणसाला सगळं सांगायची गरज नसते.

त्यांचा सल्ला लिहून घेतला: मशीनला मोकळी हवा पायजे.

७ डिसेंबर, रविवार
सल्ल्याप्रमाणे सीपीयू कपाटातून काढून खिडकीत ठेवला. मोकळी हवा भरपूर. खिडकी गिरणीच्या बाजूला आहे, म्हणून शाल नीट चारी बाजूंनी खोचली.

रेंडर. आज पंचाण्णवपर्यंत जाणार असं मनात आलं होतं.
एक्क्याण्णव.

९ डिसेंबर, मंगळवार
दिवसभर काही केलं नाही. ओसरीत बसून चौथीचा वर्ग आठवला. पत्र्यावर ऊन आलं की वास यायचा. गुरुजी खिडकीशी उभे राहायचे, हात पाठीमागे, बाहेर ओढ्याकडे बघत. आमच्याकडे पाठ असली तरी कोण काय म्हणतंय ते कळायचं. आणि आता हे मशीन. समोर तोंड करून बसलंय आणि काही कळत नाही.

ही म्हणाली, जेवा आता. जेवलो.

११ डिसेंबर, गुरुवार
प्रणय म्हणाला, बाबा, समुद्र काढा, फुलं काढा, साधी जोडून द्या, दहा मिनिटांत होईल. मी म्हटलं, साधं तर कोणीही देईल. तो म्हणाला, बरं.

तत्त्व सोडायचं नाही. पक्ष्यांचा एक थर मात्र काढला. मोठं मन करून.

१३ डिसेंबर, शनिवार
तीन वेळा. तिन्ही वेळा तिथेच. आता तर पडदा निळा व्हायच्या आधीच माझ्या तोंडून ‘सा’ निघतं आणि मी गप्प होतो.

उद्या धसई. फिल्म नाही. गुरुजींना काय सांगू? तांत्रिक कारण सांगेन. ज्ञानेश्वरला काय सांगू, ते कळत नाही.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.४०
ही म्हणते, नव्वद वर्साच्या मानसाकडं हात हलवत जायचं का? आणि सीपीयूवरची शाल ओढून घेतली! अंगणात झटकली, घडी घातली, पिशवीत टाकली. म्हटलं, अगं ती माझ्या सत्काराची. म्हणाली, मग त्यांच्या सत्काराची होऊ दे. तुमाला कोनी शिकवलं, त्यांनीच ना?

निघताना सवयीनं रेंडर लावून ठेवलं. बिचारा उघडा पडलाय, आज काय टिकणार.

१४ डिसेंबर, संध्याकाळी ६. मुरबाड स्टँड, परतीच्या गाडीची वाट बघताना
लिहून ठेवतो, नाहीतर उद्या वेगळं आठवेल.

गुरुजी अंगणात खुर्चीवर होते. अगदी एवढेसे झालेत. पाया पडलो तर आवाजावरून ओळखलं. म्हणाले, आणलीस? मी तांत्रिक कारण सांगू लागलो. रॅम, ड्रायव्हर, व्होल्टेज. गुरुजी मान हलवत होते. त्यांनी परीक्षेला न बसलेल्या मुलाचंही असंच ऐकून घेतलं असतं.

ज्ञानेश्वर मध्येच म्हणाला, आरं, पिच्चर नसंल तर नसंल. आमी काय मेलो? तोंडानं म्हनू.

आणि म्हणायला लागला. मग रखमी, तिच्या कवळीसकट. तिसरं, चौथं. पाचव्याला लहानीची जया उठली, तिनं अंगाईच्या चालीतच म्हटलं, तर गुरुजींनी डोळे मिटले. सहावं.

मग मी. छाती काढून उभा राहिलो.

येतो मुलांनो, म्हणतो ओढा, धरू नका रे वाट.
सा—

पुढे नाही. काहीच नाही. तोंड उघडं. सगळे माझ्याकडे बघतायत. तीन आठवडे झाले, ह्याच अक्षरावर थांबायची सवय लागली होती. मी तिथे उभा आणि कोणीतरी मला बंद करून पुन्हा लावावं, असं वाटत होतं.

तेवढ्यात गुरुजींचं बोट वर झालं. डोळे मिटलेलेच. दिवाळीत ज्यांना एक ओळ आठवत नव्हती, ते हळूच म्हणाले, वर्गात सांगायचे तसे,

आटून गेलो तरी राहील...

आणि सगळ्यांनी मिळून, मी सोडून, म्हटलं, ओला माझा काठ.

मग गुरुजी हसले. म्हणाले, महिपतचं हितंच अडायचं. रोज. इन्स्पेक्टर आले तवा पन ओळ मीच खिडकीतून सांगितली. आटून हा शब्दच घ्यायचा नाय हा.

सगळे हसले. मीही हसलो.

हिनं शाल गुरुजींच्या खांद्यावर घातली. काठात तूस अडकलं होतं. त्यांनी बोटांनी चाचपून एकेक काढलं, नाकाशी नेलं. म्हणाले, नवं भात. सगळी कविता पुन्हा म्हणायला लावली. दुसऱ्या वेळी तिसरी ओळ त्यांनीच म्हटली, मला विचारलंही नाही. मग वाटीभर खीर खाल्ली.

माझं मत: गुरुजींचं वय झालंय. ओळ सागराचीच आहे. मी वाद घातला नाही. अशा वेळी आपण मोठेपणा घ्यायचा.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७
काल आल्या आल्या झोपलो. आता पडदा पाहिला.

शंभर टक्के. फिल्म तयार.

कारणं लिहून ठेवतो. एक, गुरुजींचा आशीर्वाद. दोन, रविवारी गिरणी बंद. तीन, तो पक्ष्यांचा काढलेला थर. ही म्हणते, शाल नव्हती ना वर. हिचं काहीतरीच.

सकाळी १०
फिल्म पाहिली. सुरेख. बगळे फार छान. सातव्या कडव्यात समुद्र असा काही उसळतो की मी दिसतच नाही, नुसता आवाज येतो. सागर होऊन येईन मागे.

पुन्हा लावली. पुन्हा.

११.३०
ही गिरणीत गेली तेव्हा एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. ‘आटून गेलो तरी राहील.’ ओला माझा काठ. चालीत बसतं. अर्थातही.
माझं बसत नाही. सागराला कसला आलाय काठ, आणि तो ओला झाला तर त्यात काय विशेष.

म्हणजे अख्ख्या फिल्ममध्ये एकच ओळ चूक आहे. माझी.

१७ डिसेंबर, बुधवार. दुपारी ४
सातवं कडवं पुन्हा रेकॉर्ड केलं. बरोबर ओळीसह. एकदाच घ्यावं लागलं. कोंबडाही ओरडला, राहू दिला. तिन्ही समुद्र काढले. आता मागे फक्त आमची भिंत आहे.

रेंडर लावलं. चार दिवसांत पेनड्राइव्ह धसईला पोचवायचा. गिरणी आज जोरात आहे, खूप कोंडा येतोय. शाल गेली, म्हणून यंत्रावर हिची जाड गोधडी घातली.

५.२०
एक्क्याण्णव. निळा. तोच रडवेला चेहरा. म्हटलं, अरे, आता तर समुद्रही नाही.

ही चहा घेऊन आली. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गोधडी उचलली आणि माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, थंडी तुमाला वाजते, त्याला नाय.

पुन्हा लावलंय. चार टक्के.