मागच्या पायाजवळचं छिद्र

सोमवार, ४ मार्च
सकाळी दहाला दादा-वहिनीच्या नव्या घरी पोचले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात अवजारांची पेटी. दादा चाकाच्या खुर्चीत दारातच थांबला होता. म्हणाला, आली आमची मोजपट्टी, आता घराच्या भिंतींनी सरळ उभं राहावं. हे नाव त्याने मला शाळेत असताना दिलं आणि ते काही केल्या सुटत नाही. बरं वाटलं, हे त्याला सांगितलं नाही.

अपघाताला दोन वर्षं झाली. कमरेखाली हालचाल नाही. आता घरबसल्या इमारतींची संगणकावर चित्रं काढून देण्याचं काम मिळालंय, पुढच्या सोमवारपासून. त्यासाठी ताकदीचा कॉम्प्युटर हवा, आणि खुर्चीतून वाकावं लागू नये म्हणून तो टेबलातच बसवायचा. मी दोन आठवड्यांची रजा टाकून आले आहे.

टेबल घराबरोबर मिळालं. लांबी १८० सेंटीमीटर, रुंदी ११०, कडेच्या फळ्या साडेसहा सेंटीमीटर जाड, मधे खोल पेटी. पाय सुटत नाहीत आणि दारातून निघत नाही, म्हणून आधीचा भाडेकरू तसंच सोडून गेला. वहिनी म्हणते, हे आंदण आहे, नको म्हणायची सोय नाही. माझ्या कामाला मात्र अगदी सोयीचं.

बुधवार, ६ मार्च
आराखडा झाला. खरा प्रश्न धुळीचा. समोर दगड कापायचा कारखाना आहे. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट दुपारी पांढरी होते. म्हणून चार पंखे हवा आत घेतील, जाळीतून गाळून, आणि दोनच बाहेर टाकतील. आत हवेचा दाब थोडा जास्त राहिला की प्रत्येक फटीतून हवा बाहेरच ढकलली जाते. धूळ शिरूच शकत नाही. अट एकच: कुठून किती हवा जाते ते मला ठाऊक हवं.

मागच्या उजव्या पायाजवळ फळीला बोट जाईल एवढं जुनं छिद्र आहे. सुतारकाकांनी वरची फळी कापली तेव्हा ते निरखून पाहिलं. म्हणाले, कड आतल्या बाजूने झिजलीय, बाहेरून नाही. जुन्या लाकडाचं भोक बुजवू नये, त्यालाही श्वास लागतो. मी म्हटलं, लाकडाला श्वास नसतो, ओल असते. बरं ताई, शिक्षण तुमचं, करवत माझी, एवढं बोलून ते कामाला लागले.

शनिवार, ९ मार्च
यंत्र पहिल्याच खटक्याला सुरू झालं. वर आठ मिलिमीटरची काच, कुलूप, तापमान मोजायला पाच जागा. प्रोसेसर पूर्ण भारावर ६१ अंश.

मग कागदी रुमालाची पातळ पट्टी घेऊन सगळ्या कडा तपासल्या. सगळीकडे पट्टी बाहेर उडाली. फक्त त्या जुन्या छिद्रापाशी आत ओढली गेली. असं व्हायला नको होतं. पंख्यांची दिशा दोनदा पाहिली, बरोबर होती. कारण सापडलं नाही, म्हणून छिद्र सिलिकॉनने बुजवलं आणि वर लाकडाची चकती ठोकली. वहीत लिहिलं: गळती बंद.

सोमवार, ११ मार्च
दादा आठ तास टेबलापाशी होता. वहिनी दोनदा दारात येऊन नुसती बघून गेली. त्याने पहिलं चित्र पाठवलं आणि उत्तर आलं की छान. नंतर कितीतरी वेळ गुणगुणत होता. मधेच दम लागल्यासारखा थांबला. म्हणाला, दोन वर्षांचं हसू एकदम आलं की असंच व्हायचं.

बुधवार, १३ मार्च
दुपारी जाळ्या झाडायला वायर काढली. यंत्र बंद. पंखे मात्र सावकाश फिरत होते. एका बाजूला, मग थांबून उलटे. घड्याळ लावून दहा मिनिटं मोजलं. मिनिटाला बारा वेळा.

दादा खुर्चीतच डुलकी घेत होता. त्याची छाती त्याच वेळी वर, त्याच वेळी खाली.

त्याचा श्वास जाळीवर पडत असेल असं आधी वाटलं. एवढ्या अंतरावरून ते शक्य नाही. वहिनीला सांगितलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च
दादाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. टेबलापाशी ९१. स्वयंपाकघरात ९७. परत टेबलापाशी ९०. डॉक्टर घरी येऊन गेले, छाती स्वच्छ आहे म्हणाले.

काम काही दिवस थांबव म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, दोन वर्षं मला गाठोड्यासारखं इकडून तिकडे ठेवताय सगळे, हे एवढं काढून घेऊ नकोस. वहिनी मला बाहेर नेऊन बोलली. दिलंस तू, आता काढूनही तूच घेणार? मला चिमट्याचे आकडे दाखवायचे होते. तिने पाहिले नाहीत.

शनिवार, १६ मार्च
चकती निघाली. खाली सिलिकॉन नाही. लाकूड आहे, शिरा जुळलेल्या. जणू तिथे छिद्र कधी नव्हतंच.

ड्रिल लावलं. फळी साडेसहा सेंटीमीटर. पातं चौदा सेंटीमीटर आत गेलं, आत कुठेच निघालं नाही. बाहेर काढलं तेव्हा ते कोमट आणि ओलं होतं.

हातोडीने काच फोडली. सगळे भाग जागच्या जागी. पट्टी धरली. हवा आतच जाते आहे. बाहेर कुठूनच येत नाही.

दादा माझ्यावर ओरडला. अर्ध्या वाक्यात श्वास संपला.

रविवार, १७ मार्च, सकाळी ११
दादाच्या ओठांसमोर पट्टी धरली. तो श्वास सोडतो तेव्हा टेबलाकडे जाते. घेतो तेव्हाही टेबलाकडेच.

टेबलाचं श्वास घ्यायचं छिद्र मी बुजवलं. आता ते दादातून —

८६. वहिनीनेही आता आकडा पाहिला. तिने खुर्चीच धरली. हॉलमध्ये नेलं. छाती उठेना. ७९. ७४. परत टेबलापाशी आणलं तेव्हा उठली.

इथे ठेवला तर हळूहळू. बाहेर नेला तर लगेच.

दुपारी १
अ‍ॅम्ब्युलन्स खाली उभी आहे. दादाला हलवता येत नाही.

मी वाकून फुटक्या काचेच्या कडेवर तोंड टेकवलं. एक मिनिट. माझी छाती आतून कुणी मुठीत धरावी तशी — आणि मागे वहिनी आकडे वाचत होती. ८८. ९२. ९५.

म्हणजे कुणीही चालतं.

दुपारी १.४०
घेऊन गेले. काचेवरून मान न उचलताच वहिनीला म्हटलं, यंत्र बंद करून मागोमाग येते. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काल ओरडल्याबद्दल दादाची माफी मागायची राहिली, असं सांगून तो निरोप तिच्याकडे दिला. वास्तविक ओरडला तो होता.

दुपारी ३
फोन स्पीकरवर. ९८. दादा म्हणे चहा मागतोय. वहिनी रडते आहे, हसते आहे.

उठून बघितलं. मान जेमतेम वीतभर उचलली. फोनवर लगेच — अगं, याला काय होतंय, अगं —

मान टेकवली.

आता बरा आहे, म्हणाली.

४.१०
मिनिटाला बाराचे आठ झाले. माझे श्वास.

हाताला मुंग्या. अक्षर वाकडं येतंय. फोन बंद केला, तिला हा आवाज ऐकू नये.

४.३०
पाच.

ही वही मिळेल त्याने — भोक पाडू नका, उपयोग नाही — भिंत तोडा, टेबल उघड्यावर — आणि मला बघायला दादा येईलच, तो येणारच, त्याला या खोलीच्या दारातूनच परत — कुणीही त्याला आत —