डोली पुढून धरणाऱ्याचं काम

बाबा, मी तुला 'तू'च म्हणणार आहे. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा तिथल्या मुली वडिलांना अहो-जाहो करतात हे ऐकून सुट्टीत घरी आल्यावर मीही तुला दोन दिवस 'तुम्ही' म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी तू चुलीपाशी जाऊन आईला हळूच विचारलंस, "ही रागावली हाय काय माझ्यावर?" आई इतकी हसली की तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती राखेत पडली. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी कितीतरी माणसांना तुझ्याबद्दल सांगितलं, पण खुद्द तुला सांगायचं एक राहून गेलं. ते आज लिहिते आहे. तुला ओळीखाली बोट ठेवून वाचायची सवय होती, म्हणून अक्षर मोठं काढते आहे, उगाचच.

तुझ्या डोलीबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी आधी त्यांचा एक समज मोडते. त्यांना वाटतं, त्या कामाला खांदा लागतो. खांदा लागतोच, पण हिरकणीवाडीत खांदेवाले पुष्कळ होते. दोन वेळूंच्या मध्ये बांधलेली ती लाकडी खुर्ची, तिच्यात बसलेली कुणाची तरी म्हातारी आई, पुढे तू आणि मागे काका. मागच्या माणसाला खुर्चीच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. पायरी उंच आहे की फुटकी, हे त्याला पुढच्यानंच सांगायचं. तू गड चढताना सतत बोलत असायचास, "उंच हाय… वळतोय रं… डावीकडं ओली हाय." शाळेत असताना मी पाण्याची कळशी घेऊन तुमच्या मागून यायचे तेव्हा मला वाटायचं, बाबाला गप्प बसताच येत नाही. मग एकदा श्रावणात तू गप्प बसलास. खुर्चीतल्या बाईंचा मुलगा तुझ्याशी काहीतरी हुज्जत घालत होता, तू घुश्शात होतास, आणि शेवाळलेली पायरी आली. बाईंना तू सावरलंस, पण काकाचा गुडघा फुटला तो फुटलाच. घरी आल्यावर काका पाय घसरला म्हणाला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "घसरला नाय तो. पायरी मी बघितली व्हती. मी बोललो नाय." त्या वेळी मला तुझा राग आला होता. कोण विचारत होतं तुला, कशाला आपणहून सांगायचं?

पुढे रोपवे आला. तो येण्याच्या आदल्या वर्षी मोजणीवाल्यांबरोबर एक साहेब आले होते, ते आपल्या ओट्यावर बसले, आईच्या हातची नाचणीची भाकरी आणि सुकट खाल्ली, आणि हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "हे बघा, हे झालं की डोलीला माणसं फार मिळणार नाहीत. तुम्ही आत्तापासून दुसरं काहीतरी बघा." आईचा चेहरा उतरला. तू म्हणालास, "बरं झालं सांगितलंत." त्या एका वर्षात तू आईला टपरी टाकून दिलीस, स्वतः गडाची माहिती सांगायला शिकलास, आणि पाळणा सुरू झाल्यावर एकदा हौसेनं त्यात बसूनही आलास. वर उतरून तू आधी स्वतःच्या पायांकडे बघितलंस. "आज ह्यांना सुट्टी," म्हणालास. लोक रोपवेला नावं ठेवत तेव्हा तू त्या साहेबांची बाजू घ्यायचास. "त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं. माझ्या घरचं खाऊन माघारी नाय बोलला."

मला नोकरी लागली तेव्हा तुला ती समजावून सांगताना माझी फे फे उडाली होती. संगणकाची पदवी हे तुला कळत होतं, पण आमची कंपनी संगणक विकत नाही, दुरुस्त करत नाही, मग करते तरी काय? पुण्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही बारा जण, आणि आमचं काम एकच, कारखान्यांची गोदामं. कुठला माल कुठे ठेवायचा, कधी काढायचा, हे सगळं संगणकावर आणून द्यायचं. मी म्हणाले, "बाबा, मी लोकांना विचारते ते काम कसं करतात. मग ते संगणकाला शिकवते." तू विडी पेटवता पेटवता थांबलास आणि विचारलंस, "मंग त्या लोकांचं काय?" मी म्हटलं, त्यांचं काम सोपं होतं. आमच्या माहितीपत्रकात तसंच छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी महाडच्या बाजारात नेऊन तू मला कातडी चपला घेऊन दिल्यास. विचारत फिरायची नोकरी म्हटल्यावर पायात काहीतरी दणकट हवं, हा तुझा हिशोब. ऑफिसात मी त्या कधी घातल्या नाहीत, त्या करकर वाजायच्या.

पहिलंच काम महाडला आलं. औद्योगिक वसाहतीतली एक रसायनांची कंपनी, आणि माझे साहेब म्हणाले, तू तिथलीच ना, मग तूच जा. सहा आठवडे मी घरून ये-जा केली. सकाळची एसटी, मग टमटम, आणि दिवसभर ते पत्र्याचं गोदाम. तिथले स्टोअरकीपर पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतले होते, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मला मॅडम म्हणायचे, आणि मी हिरकणीवाडीची म्हटल्यावर मॅडम म्हणतच अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायला लागले. सगळं गोदाम त्यांच्या डोक्यात होतं. जुनं पिंप आधी जावं म्हणून त्याच्या तोटीला ते चिंधी बांधायचे. कुठल्या कोपऱ्यात पत्रा गळतो, कुठलं रसायन उन्हाच्या भिंतीला चालत नाही, कुठल्या पुरवठादाराचं झाकण ढिलं असतं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मी विचारत जायचे, वहीत लिहीत जायचे, आणि ते इतक्या आनंदानं सांगायचे की काय सांगू. वीस वर्षांत त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं. चौथ्या आठवड्यात एकदा पिंपावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे झालं की माझं काम हलकं व्हईल, नाय?" मी म्हणाले, "हो, हलकं होईल."

तेव्हा माझा अहवाल अर्धा लिहून झालेला होता, बाबा. शेवटच्या पानावर एक तक्ता होता, प्रणाली सुरू झाल्यावर कोणकोणत्या जागांची गरज उरणार नाही त्याचा. त्या तक्त्यातली पहिली ओळ त्यांची होती. ती मीच लिहिली होती. हे त्यांना सांगायचं का, असं माझ्या साहेबांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, आपण फक्त शिफारस करतो, माणसांना सांगायचं ते कंपनी सांगेल. मला ते ऐकून हायसं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

रोज टपरी आवरताना तू मला दिवसभराचं विचारायचास. तुला त्या चिंधीचं फार कौतुक वाटलं होतं. "हुशार मानूस हाय," म्हणालास. आणि एका संध्याकाळी ताकाचं मडकं विसळता विसळता तू विचारलंस, "त्याची जागा ऱ्हानार हाय काय?" मी नाही म्हटलं. तू मडकं खाली ठेवलंस. "मंग सांग गो त्याला. तू पुढं हायस. त्याला मागून काय दिसतंय?" पुढचे चार दिवस तू रोज एवढंच विचारायचास, "सांगलंस काय?" पाचव्या दिवशी मी हो म्हणाले. तू विचारलंस, "काय म्हनाला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणाले, बरं झालं सांगितलंत."

क्षणभर मला वाटलं, हे वाक्य कुणाचं ते तुझ्या लक्षात आलं. पण तू फक्त म्हणालास, "हां. मी पन असंच बोललो व्हतो." मग दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला तू सांगत सुटलास. माझ्या पोरीनं त्या माणसाला तोंडावर सांगितलं, मोठ्या कंपनीत हाय तरी. काकाला, टपरीवर ताक प्यायला आलेल्या शाळेच्या सहलीतल्या मास्तरांना, पाळण्याच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनासुद्धा. मी आत भांडी घासत ऐकायचे आणि भांडी जास्तच आपटायचे. आई म्हणायची, हिला लाज वाटतेय स्तुतीची.

दोन महिन्यांनी प्रणाली सुरू झाली. नारळ फोडला, पेढे वाटले. स्टोअरकीपरांची खुर्ची जागेवर नव्हती. त्यांना आदल्या आठवड्यात पत्र मिळालं होतं आणि ते आपला डबा, रुमाल आणि मालाची आवक-जावक हातानं लिहिलेल्या कार्डांची जुनी चवड न्यायला आले होते. ती कार्डं आता कुणालाच नको होती. मला बघून ते थांबले. मला वाटलं, बोलतील काहीतरी लागेल असं. ते म्हणाले, "मॅडम, मला सांगायचं व्हतं तुम्ही. मी काय रडलो नसतो. धाकटीचं लग्न तेवढं पुढं ढकललं असतं." मग त्यांनी एका पिंपाची सुटलेली चिंधी नीट बांधली आणि गेले. ते पुढे कुठे लागले, मी कधी चौकशी केली नाही. पोलादपूरवरून एसटी जाते तेव्हा मी अजून खिडकीबाहेर बघत नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तू गेलास, झोपेतच. माझ्याबद्दलची ती गोष्ट सोबत घेऊन गेलास. वाडीत ती अजून सांगतात. आणि बाबा, मीही सांगते. आता आमच्या कंपनीत नव्या मुलामुलींना मी शिकवते. पहिल्याच दिवशी मी त्यांना तुझी डोली सांगते, तो श्रावण सांगते, आणि सांगते की ज्याचं काम जाणार आहे त्याला आधी आपण सांगायचं, मग वही उघडायची. त्या महाडच्या कामानंतर मी स्वतः एकदाही ते चुकवलेलं नाही. त्यापायी दोन कामं हातची गेली, साहेबांशी भांडण झालं, तरी नाही. पण मुलं विचारतात, तुम्ही पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो माणूस काय म्हणाला? आणि मी तुला सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगते.

हा कागद पेटीत तुझ्या खांद्याच्या पट्टीखाली ठेवीन, डोली उचलताना तू वेळूखाली घ्यायचास तो गोधडीचा तुकडा, त्याला अजून वेळूचा वास येतो. ठेवण्याआधी एक नीट लिहिते, कारण आजवर स्वतःलाही मी ते माझ्या साहेबांच्या नावावर खपवलं आहे. त्यांनी मला मनाई केली नव्हती. चौथ्या आठवड्यात त्या माणसानं पिंपावर हात ठेवून विचारलं तेव्हा मी सांगू शकले असते, आजूबाजूला कुणी नव्हतं. पण सांगितलं तर ते बोलायचे थांबतील असं वाटलं, आणि उन्हाच्या भिंतीकडच्या मालाची दोन दिवसांची माहिती त्यांच्याकडून घ्यायची राहिली होती.