मुळं ओलीकडे जातात

३ नोव्हेंबर
आले एकदाची नोकरीवर! शिरढोणच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथे चारुदत्त सरांचा मळा. पॉलिहाऊसमध्ये गारव्याचे मोठाले पंखे, उंच तारा, तारांवरून सोडलेल्या दोऱ्या आणि त्यांना वेढे घेत चढणाऱ्या हॉप्सच्या वेली. बियरला कडवटपणा देणारं हे थंड मुलखातलं पीक, आणि तेही पनवेलच्या घामट हवेत! कॉलेजात फक्त पुस्तकात पाहिलं होतं. माझी खोली पॉलिहाऊसला लागूनच आहे. स्वयंपाक भामाताईंकडे. आज तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. त्यांचा नवरा काशिराम इथेच माळी होता. सर म्हणाले, पावसाळ्यात न सांगता निघून गेला. भामाताईंनी मला आणखी एक भाकरी वाढली.

९ नोव्हेंबर
वर दिसते ती वेल अर्धीच. खरी हॉप्स मातीखाली. मुळं सरळ खोल उतरतात, शिवाय जमिनीखालून आडवी खोडं निघतात आणि त्यांच्या डोळ्या-डोळ्यातून नवे कोंब फुटतात. मशागतीच्या भुसभुशीत मातीत ती मोकाट सुटतात, म्हणून दरवर्षी छाटायची. आज वाफ्याशेजारी चर खणला. पाण्याच्या नळीकडे एकही खोड गेलेलं नाही! काही कोपऱ्यातल्या वाफ्याकडे, आणि सगळी कोवळी माझ्या खोलीकडे. सरांना दाखवलं. छाटू नका म्हणाले, उलट पाणी निम्म्यावर आणलं. तहान लागली की मुळं शोधायला शिकतात, असं म्हणून हसले.

१४ नोव्हेंबर
पाणी पूर्ण बंद केलंय. तरी वेली हिरव्यागार, फुलांनी लगडलेल्या. हे शक्य नाही. चर कोपऱ्याकडे वाढवला. तिथलं खोड मनगटाएवढं जाड. हात लावला तर कोमट. कोयत्याने चीर दिली आणि आतून लाल पाझरलं. भामाताई धावत आल्या, कोयता हिसकावला. ‘बाय, नको कापू. त्याला दुखतंय.’ कोणाला, ते सांगेनात. नुसत्या रडत होत्या.

१५ नोव्हेंबर, सकाळ
काशिराम सापडला.
कोपऱ्यातल्या वाफ्याखाली. मुळं तोंडातून, बरगड्यांमधून आरपार गेलेली. चेहऱ्यावरची माती पुसली तर डोळे उघडले. जिवंत आहे.
सर मागेच उभे होते. पाऊस कमी झाला की नाही, हे सांगावं तशा आवाजात बोलले. आधीची सगळी लागवड मेली होती. काशिराम उकाड्याने चक्कर येऊन वाफ्यात पडला. संध्याकाळी सापडला तोवर मुळं आत शिरली होती. त्याच आठवड्यात फुलं धरली. मग त्याला बाहेर काढायचं त्यांना कारण उरलं नाही. भामाताईंना सांगितलं, उपटलं तर नवरा जागीच जाईल.
आता तो संपत आलाय, असंही म्हणाले.
माझा फोन घेतला. फाटकाला कुलूप.

दुपार
भामाताई ताट घेऊन आल्या. पाया पडले, किल्ली मागितली. आधी जेव, मग देते म्हणाल्या. जेवले. भात कडू लागला. हातपाय जड – डोळे –

१५च असावी. ऊन उतरलंय
पलंगाशेजारची लादी उचलली गेलीय. टाचेत शिरलंय. पांढरं, बारीक. दुखत नाही. खाजतं फक्त. पोटरीच्या कातडीखाली सरकताना दिसतंय.
कोयता दाराशी आहे. हात पुरत नाही.
भामाताई उशाशी बसल्यात. कापा म्हटलं, हात जोडले. नाय म्हणाल्या. ‘तुजी ओल त्यांना गावली हाय. आता माज्या मानसाला सोडतील. सायेब बोललेत तसं.’

अजून उजेड आहे
उजवा हात माझा आहे. डावा नाही.
खिडकीतून कोपऱ्यातला वाफा दिसतोय. सर फावड्याने – काशिरामच्या तोंडावर माती ओढतायत – तो मान हलवतोय –
भामाताईंना सांगितलं. बघा म्हटलं, एकदा तिकडे बघा – त्या खिडकीकडे पाठ करून बसल्यात. माझ्या केसांवरून हात फिरवतायत. नीज म्हणतायत.
बघा ना –
पाठीखाली गादी फाटतेय – मानेशी काहीतरी कोमट –
भामाताई, तो तुमचं नाव घेतोय, ओठ हल